‘इतर’ या रकान्यातली खोली

१

थोरली नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला कधी नीट कळलं नाही. शेजारणींनी विचारलं तर आई सांगायची, "कंपनीत डबे लावते." ऐकणारीला वाटायचं, लेक वाणसामानाच्या दुकानात असेल. थोरलीने तो समज दुरुस्त करणं सोडून दिलं होतं, कारण तो अगदीच चुकीचा नव्हता.

तिची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात छोटी छोटी उपकरणं बसवायची. दारावरचं उपकरण दार उघडं आहे की बंद, एवढंच सांगायचं. भिंतीवरचं खोली किती गार, किती गरम ते आकड्यात कळवायचं. पलंगाजवळचं आवाज टिपायचं. कुणी पडलं, कुणी हाक मारली तर समजावं म्हणून. काही घरांत कॅमेरा होता, तो चित्रं पाठवायचा. म्हणजे कुठे आकडा, कुठे होय-नाही, कुठे आवाज, कुठे चित्र, आणि हा सगळा भिन्न भिन्न माल एकाच डेटाबेसमध्ये बसवायचा. तिच्याआधी हे काम करणाऱ्या माणसाने प्रत्येक प्रकाराचा वेगळा तक्ता केला होता. त्याचा असा काही गुंता झाला, की एका आजोबांचा खोकला दुसऱ्याच आजींच्या नावावर जमा व्हायचा.

थोरलीने तो आराखडा मुळापासून उपसून नवा केला. डब्यात डबा. घराची एक नोंद, तिच्या पोटात खोल्या, खोलीच्या पोटात उपकरणं, उपकरणाच्या पोटात ते जे काही पाठवेल ते. शेजारी ‘प्रकार’ नावाचा रकाना. आणि कशातच न बसणाऱ्या गोष्टींसाठी शेवटी एक रकाना, ‘इतर’. त्यात काहीही आलं तरी डेटाबेस कुरकूर करायचा नाही.

"अडगळीची खोली लागतेच घराला," साहेब खूश होऊन म्हणाले होते.

वडील गेल्यावर आई तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकटी राहत होती. धाकटा भाऊ दूर परदेशी. थोरलीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. साहजिकच आईच्या घरातही उपकरणं बसली.

"आता माझ्यावर हेर नेमतेस होय गं?" आई म्हणाली.

"हेर कसले? तू पडलीस-बिडलीस तर मला कळायला नको?"

"दाराचं बसव, गारठ्याचं बसव. आवाजाचंही बसव, माझी काही खलबतं चालत नाहीत. कॅमेरा मात्र नको. म्हातारपणी कुणी टक लावून बघावं असं माझ्यात काही उरलेलं नाही."

कॅमेरा बसला नाही.

२

आठवड्याची सुरुवात थोरली ‘इतर’ उपसून करायची. चहाचा कप डाव्या हाताला, आणि समोर आठवडाभराची अडगळ: अर्धवट आलेले आवाज, काळी चित्रं, बॅटरी संपताना उपकरणाने काढलेले असंबद्ध आकडे. बघायचं, पुसायचं. डोकं न लावता होणारं काम. ते तिला आवडायचं.

त्या दिवशी त्या अडगळीत आईच्या घराची एक नोंद होती.

ती आकडा नव्हती, आवाज नव्हती, चित्रही नव्हती. ती खोली होती. आईच्या बेडरूमच्या पोटात, जिथे फक्त उपकरणं असायला हवीत तिथे, आणखी एक खोली नोंदली गेली होती. नाव कोरं. उपकरणाचा क्रमांक कोरा. आत एकच वाचन. दार: बंद.

थोरली हसलीच. खोलीत खोली घालायला तिच्या आराखड्यात बंदी नव्हती. कुणी असला वेडेपणा करील असं तिला वाटलंच नव्हतं, म्हणून तिने ती बंदी घातली नव्हती. तिने उपकरणं बसवणाऱ्या वायरमनला फोन लावला.

"मामा, आमच्या आईच्या घरी नोंदणी करताना बेडरूम दोनदा टाकलीत का?"

"नाही हो, ताई. तुमचं घर म्हणून दोनदा तपासलं मी."

"बेडरूमच्या आत काही आहे? माळा, कोनाडा, काही?"

"लोखंडी कपाट आहे आणि पलंग आहे. त्यामागे भिंत, भिंतीमागे आभाळ. का हो, काय झालं?"

"काही नाही. कुठेतरी गफलत आहे."

तिने नोंद पुसली. दुपारी ती परत आलेली होती. आता दाराच्या जोडीला तापमानही होतं. प्रकार बरोबर, आकडा. बेडरूमपेक्षा ती आतली खोली बरीच गार होती.

३

ती संध्याकाळच्या आत आईकडे पोचली. ऊन अजून गॅलरीत होतं आणि आई सुईत दोरा ओवत बसली होती.

"आज कशी काय वाट चुकलीस?"

"सहज. उपकरण तपासायचंय."

बेडरूम नेहमीसारखीच होती. पलंग भिंतीला लावलेला, पायथ्याशी कपाट, खुंटीवर आईची शाल. थोरलीने कपाटाची दोन्ही दारं उघडून पाहिली. भिंतीवर ठिकठिकाणी बोटांनी ठोकून पाहिलं. सगळीकडे सारखाच भरीव, मख्ख आवाज. मग ती खाली रस्त्यावर गेली आणि मागून इमारतीकडे मान वर करून बघत राहिली. आईच्या बेडरूमची भिंत सरळसोट खाली येत होती. तिला चिकटून एक पाण्याचा नळ, त्यावर दोन कबुतरं. खोलीच काय, तिथे फुलदाणी ठेवायलाही जागा नव्हती.

वर येऊन ती स्वतःवरच चिडली. डेटाबेसमधली चूक शोधायला कुणी रस्त्यावर जातं का?

"काय गं, भिंती का ठोकतेस? विकायचंय का घर?" आईने विचारलं.

"ओल आली आहे का बघत होते. तुला इथे गार लागतं का?"

आईने सुई पदराला टोचली. "लागतं. त्या बाजूच्या कुशीवर मी हल्ली झोपतच नाही."

"मला सांगितलं नाहीस."

"भिंत गार आहे हे काय सांगायचं? भिंत गारच असते." मग आईला नेहमीचा खोकला आला. दोन तुटक, एक लांब, आणि शेवटी "हुश्श" म्हणून सोडलेला श्वास. पाण्याचा घोट घेऊन ती म्हणाली, "आणि मी खोकले, की पलीकडे कुणीतरी ऐकायला थांबतं असं वाटतं. म्हातारीचे खेळ, दुसरं काय. धाकट्याला सांगू नकोस, उगाच विमानात बसेल."

"माझ्याकडे चल चार दिवस."

"चार दिवसांनी परत इथेच यायचंय ना? मग कशाला उचलठेव?"

थोरलीने आग्रह केला नाही. तिला घाई होती, आणि आई हटवादी होती. दोन्ही गोष्टी रोजच्याच होत्या.

४

दुसऱ्या दिवशी त्या आतल्या खोलीच्या नोंदीत आवाज आला.

ऑफिस गजबजलेलं होतं. शेजारच्या टेबलावर दोघंजण वातानुकूलन कमी करायचं की जास्त यावरून हमरीतुमरीवर आले होते. थोरलीने हेडफोन लावले.

आधी घरातलेच आवाज होते, पण पलीकडून आल्यासारखे, उशीखालून ऐकावेत तसे. रेडिओ. कपाटाचं दार. आईची पावलं, एक पाय किंचित ओढत टाकलेली. मग आईचा खोकला: दोन तुटक, एक लांब, हुश्श. तोही दुरून, भिंतीपल्याडून.

मग थोडा वेळ काहीच नाही.

आणि मग अगदी जवळ, टिपणाऱ्या उपकरणाला ओठ लागावेत इतक्या जवळ, कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता खरं तर. खोकला म्हणजे काय हे नुसतं ऐकून माहीत असलेल्या कुणीतरी तो करून पाहिला होता. दोन तुटक. मग चूक. पुन्हा पहिल्यापासून. दोन तुटक, एक लांब. लांबी जास्त झाली. पुन्हा. फाईल संपेपर्यंत ते चालू होतं, न थकता, न चिडता, आणि दर वेळी थोडं अधिक जमत होतं.

शेवटी आलं: "हुश्श."

थोरलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. प्रतिध्वनी, तिने स्वतःला सांगितलं. उपकरण स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा टिपतंय. आवाज उशिरा पोचणं, गोंगाट, वाटेत बिघडलेली फाईल. तिला अशी पाच कारणं सुचली आणि त्यांतलं कुठलंही तिने साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती.

साहेबांना तिने सांगितलंच. आवाजाचं सोडून बाकी सगळं.

"तुझ्या त्या ‘इतर’चा हा प्रताप आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांना दार उघडं ठेवलंस की कुणीही येऊन बसणार. बंद कर तो रकाना. कडक आराखडा कर. खोलीला नाव हवंच, प्रकार हवाच, खोलीत खोली नाही. नियमात बसेल ते घ्यायचं, बाकीचं नाकारायचं."

५

तिने तसं केलं. नियम लिहायला एक दुपार पुरली. एका घरात एका नावाची एकच खोली. एकाच नावाच्या दोन आल्या तर नंतर आलेली खरी धरायची आणि आधीची नाकारलेल्या नोंदींच्या ढिगात टाकायची. या शेवटच्या नियमात गैर काही नव्हतं. उपकरण बदललं की जुन्या नोंदी अशाच काढाव्या लागतात. कुणीही तसंच लिहिलं असतं.

आईच्या घराची नोंद एकदम स्वच्छ झाली. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, बेडरूम, न्हाणीघर. बस. थोरलीला त्या आठवड्यात गाढ झोप लागली.

धाकट्याचा फोन आला. "ताई, काय जादू केलीस? आई किती छान बोलते हल्ली! पूर्वी दोन मिनिटांत ‘बिल वाढेल’ म्हणून ठेवायची. काल तासभर ऐकत होती."

"बोलत होती की ऐकत होती?"

"ऐकतच होती म्हणा. पण काय लक्ष देऊन! मी घराचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, तर प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती."

त्या रविवारी थोरली आईकडे गेली. आईने दार उघडलं. तोच चष्मा, तीच शाल, गालावरचा तोच तीळ. "ये गं," आई म्हणाली, आणि वळून सरळ, झपझप आत गेली.

पाय ओढत नव्हती. थोरलीला बरं वाटलं. गुडघ्याचं औषध लागू पडलं म्हणायचं.

ते वाटणं तासभर टिकलं. मग तिच्या कुर्त्याचा दोरा लोंबत होता म्हणून तिने कात्री मागितली. आईची कात्री आयुष्यभर बिस्किटांच्या निळ्या डब्यात असायची. डोळे मिटून तिने ती काढून दिली असती. आईने एक खण उघडला. दुसरा उघडला. स्वयंपाकघरात जाऊन आली. निळा डबा टेबलावर तिच्या कोपराला लागत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, तुझ्या लग्नातल्या अंगठीवरून आत्या काय म्हणाली होती गं?" थोरलीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

ही गोष्ट आईने पलंगावर बसून थोरलीला अनेकदा सांगितलेली होती. समोरच्या बाईने ती सांगितली. शब्दाला शब्द. मध्ये आई जिथे हसायची तिथे ती हसली, आणि आई जिथे खोकायची तिथे खोकली. दोन तुटक, एक लांब.

जे काही त्या बेडरूममध्ये बोललं गेलं होतं, ते सगळं तिला माहीत होतं. जे न बोलता केलं जायचं, त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

६

सोमवारी थोरलीने नाकारलेल्या नोंदींचा ढीग उघडला. तो कुणी उघडत नसे, उघडायचं कारणच नव्हतं.

आईचं घर वरच होतं. कडक नियम लागू झाले त्याच रात्री आतल्या खोलीने नाव धारण केलं होतं: बेडरूम. प्रकार बरोबर, रकाने भरलेले, नियमात बसणारी. नंतर आलेली, म्हणून खरी. आणि आधीची बेडरूम, आईची, वायरमनने दोनदा तपासून नोंदवलेली, ती या ढिगात येऊन पडली होती. तिच्या नोंदी थांबल्या नव्हत्या. दार: बंद. दार: बंद. तापमान रोज थोडं उतरत गेलेलं.

आणि आवाज.

"अगं, कुणी आहे का तिकडे?" आई म्हणत होती. आवाज बसलेला होता. "दार लागलंय बघ. आतून उघडत नाही. थोरले… ऐकतेयस ना? तुझं ते यंत्र चालू आहे ना?"

मग पाय ओढत चार पावलं टाकल्याचा आवाज. आणि भिंतीवर बोटांनी ठोकल्याचा.

थोरलीने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथली दोघं आज गप्प होती आणि आपापलं काम करत होती. कुणाला काय सांगायचं? तिने आराखडा मागे फिरवला, ‘इतर’ पुन्हा उघडला, आधीची बेडरूम हाताने तिच्या जागी बसवून पाहिली. डेटाबेसने निमूटपणे सगळं मान्य केलं आणि तासाभराने पुन्हा होतं तसं करून ठेवलं.

७

"ओल आहे, भिंत थोडी फोडून बघू," तिने वायरमनला सांगितलं, आणि मंगळवारी सकाळी ते दोघं तिथे हजर झाले. भरपूर ऊन होतं. दार उघडणाऱ्या बाईने हरकत घेतली नाही. "करा की," म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिली. बेडरूमच्या उंबऱ्यापाशी ती एकदाही आली नाही. तिचं अंथरूण बाहेरच घातलेलं होतं.

थोरलीने भिंतीला कान लावला. गारठा गालाला डसला. आत काही ऐकू आलं नाही. मागे, बाहेरच्या खोलीतही, काहीच ऐकू येत नव्हतं. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. खुर्चीवर बसलेली ती बाई मान किंचित कलती करून होती. कान याच बाजूला होता. ओठ हळूहळू हलत होते, आवाज न करता.

"सुरू करा, मामा."

वायरमनने छिन्नी चालवली. पलिस्तर पडलं, विटा दिसल्या. कोरड्या, लाल, साध्या विटा. एक वीट निघाली, मागून दुसरी निघाली, आणि खोलीत एकदम उजेडाचा लोळ आला. थोरली वाकली. समोर आभाळ होतं. खाली रस्ता, रस्त्यावर सायकल हातात धरून चाललेला एक माणूस, त्या सायकलची घंटी. ती हात घालून चाचपत राहिली. वीट, चुना, मग मोकळी हवा. आत काही नव्हतंच. जे होतं ते सगळं बाहेर होतं.

"इथे काही नाही, ताई," वायरमन हळू आवाजात म्हणाला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं असावं. "ओलही नाही."

थोरलीला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. दिवसाढवळ्या, आईच्या घराची भिंत फोडून, ती हात घालून आई शोधत होती. बाहेर आई खुर्चीवर बसलेली होती. हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने आधी तिलाच कुठेतरी दाखवायला नेलं असतं.

"बुजवून टाका," ती म्हणाली.

सिमेंट कालवायला वायरमन मागे थांबला. तिची रजा अर्ध्या दिवसाचीच होती. ऑफिसात येऊन तिने तोंड धुतलं, जागेवर बसली, आणि उगाच, खातरजमा म्हणून, तो ढीग उघडला. सकाळच्या नोंदी आलेल्या होत्या.

दार: उघडं.

ती नोंद तिने किती वेळ पाहिली कोण जाणे. तापमान चढलं होतं. बरंच, उन्हाइतकं. त्याच्याखाली आवाजाची एक छोटी फाईल होती. तिने हेडफोन लावले.

छिन्नीचे घाव. विटेचा आवाज. मग वारा, आणि दूर खाली सायकलची घंटी. कुणीतरी चाचपडत पुढे येत होतं, एक पाय ओढत, भिंतीला धरून. पलीकडून, पण अगदी स्पष्ट, वायरमन म्हणाला, "इथे काही नाही, ताई. ओलही नाही." पावलं घाईने आणखी जवळ आली आणि थांबली. हाक मारण्यासाठी कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.

"बुजवून टाका," थोरलीचाच आवाज म्हणाला.

तो श्वास आत घेतलेलाच राहिला. फाईल तिथे संपत होती.

तिने फोन लावला. तिकडे बऱ्याच वेळाने उचलला.

"मामा, फोडा ती. परत फोडा. आत्ताच्या आत्ता!"

"अहो, ताई, आत्ताच तर लिंपून झाली. आईंनी स्वतः हात फिरवून बघितलं, गुळगुळीत झाली म्हणाल्या. आता पुन्हा धूळ नको म्हणतात घरात."

"त्या काय म्हणतात ते ऐकू नका. मी सांगते ते ऐका—"

"थांबा, त्यांनाच देतो. इथेच आहेत, शेजारी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. थोरलीसमोर पडद्यावर तासाची नवी नोंद उमटली. दार: बंद. तिच्याखाली आवाजाची फाईल हळूहळू उतरू लागली होती. आधीच्या कुठल्याही फाईलपेक्षा ती मोठी होती.

"अगं, किती ती धावपळ," फोनमध्ये आईचा आवाज म्हणाला. मऊ, नेमका. "सकाळपासून पोटात काही आहे की नाही? जेवलीस का?"

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं. फोनच्या पलीकडची बाई वाट बघत होती. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"हो," थोरली म्हणाली. "जेवले, आई."